अश्वशक्तीची हौस आणि हमीचा कागद

मोटारीच्या स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याच्या किंचित वर, सोळा टोकांची एक लहानशी काळी खोबण असते. गाडी विकत घेणाऱ्या बहुतेकांना तिचे अस्तित्वही ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांचीही समजूत एवढीच, की सर्व्हिस सेंटरमधला मुलगा तेथे आपले यंत्र जोडतो आणि गाडीला काय दुखतेखुपते ते वाचून घेतो. ज्या वाटेने वाचता येते त्याच वाटेने गाडीत लिहूनही ठेवता येते, हे मी गेल्या हिवाळ्यात पानिपतला, दिल्लीहून अंबाल्याकडे जाणाऱ्या महामार्गालगतच्या एका गॅरेजात, प्रथम डोळ्यांनी पाहिले. माझा भाचा तेथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरीला आहे. अकरा महिन्यांपूर्वी त्याने टर्बोची पेट्रोल गाडी घेतली होती, आणि तिला 'आणखी थोडा पिकअप' हवा म्हणून, 'मामा, तुम्ही नुसते बरोबर चला' असा आग्रह करून, तो मला तेथे घेऊन गेला होता.

गॅरेजातल्या तरुणाने बॅटरीला बाहेरून चार्जर लावला. लिहिण्याचे काम चालू असताना विजेचा दाब पडला तर गाडीचा मेंदूच कायमचा गप्प होतो, असे त्याने समजावले. मग लॅपटॉपची वायर त्या खोबणीत खुपसून त्याने, नमुना म्हणून, आकड्यांचे एक कोष्टक पडद्यावर उघडले. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत इंजिनावर पडणारा भार, आणि मधल्या प्रत्येक घरात, ठिणगी किती अंश आधी पडावी त्याचा आकडा. अशी कोष्टके गाडीत अनेक असतात. त्यांतल्या निवडक घरांतले आकडे बदलायचे, चहा पिऊन होईपर्यंत काम उरकते. वॉरंटीचे काय, असे भाच्याने विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, "पता ही नहीं चलेगा जी."

चाळीस वर्षे दिवाणी कोर्टात दुसऱ्यांचे करारनामे वाचण्यात गेल्यामुळे असेल, मला त्या लॅपटॉपपेक्षा त्या एका वाक्याचेच कुतूहल अधिक वाटले. भाच्याला मी म्हटले, आज काही करू नकोस, आठ दिवस थांब. ते आठ दिवस मी गाडीची पुस्तिका, मोटारवाहन कायदा आणि स्पर्धा आयोगाचा एक लांबलचक निवाडा वाचण्यात घालवले, आणि त्या वाचनातून जे हाती लागले ते येथे मांडीत आहे.

प्रथम हा व्यवहार आहे तरी काय, ते पाहिले पाहिजे. पूर्वीच्या मोटारीत अ‍ॅक्सिलरेटरची तार थेट कार्ब्युरेटरची झडप ओढीत असे, म्हणजे चालकाचा पाय आणि इंजिनाचा घसा ह्यांच्यामध्ये कोणी मध्यस्थ नव्हता. आजच्या मोटारीत पाय केवळ एक अर्ज करतो, आणि त्या अर्जावर मंजुरीचा शेरा मारण्याचा अधिकार एका लहानशा संगणकाकडे असतो, ज्याला गॅरेजात कोणी ईसीयू म्हणतात तर कोणी ईसीएम. आत येणारी हवा किती, ती किती तापलेली आहे, पाण्याचे तापमान काय, सिलिंडरमध्ये अकाली स्फोट होऊन ठोके तर पडत नाहीत ना, हे सारे जाबजबाब क्षणार्धात घेऊन हा संगणक आपल्या कोष्टकांत पाहतो आणि इंधन किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, टर्बोने हवा किती दाबायची, हे ठरवितो. ह्या कोष्टकांना 'मॅप' म्हणतात, आणि ती नव्याने लिहिण्याला 'रीमॅप'. जुने लोक अजूनही 'चिप बसवली' असेच म्हणतात, जरी आता बहुधा चिप वगैरे काही बसवावे लागत नाही.

मग कारखानदारानेच आकडे चढे का ठेवले नाहीत? त्याचे कारण असे, की कारखान्यातून निघणारी गाडी लेहच्या थंडीत आणि रामेश्वरच्या खाऱ्या वाऱ्यात, पानिपतच्या जूनमधल्या लूमध्ये आणि जानेवारीतल्या धुक्यात, चांगल्या पंपावरच्या पेट्रोलवर आणि भेसळीच्या पेट्रोलवर, वेळेवर ऑइल बदलणाऱ्याकडे आणि न बदलणाऱ्याकडे, अशी सर्वत्र तेच आकडे घेऊन चालायची असते. शिवाय प्रदूषणाच्या मर्यादा सांभाळायच्या असतात, आणि तीन वर्षांची किंवा लाख किलोमीटरची जी हमी छातीठोकपणे दिलेली असते तिचा खर्चही आटोक्यात ठेवायचा असतो. म्हणून शहाणा कारखानदार इंजिनाची काही शक्ती गंगाजळीसारखी राखून ठेवतो. रीमॅप करणारा नवी शक्ती निर्माण करीत नाही. तो ही राखीव गंगाजळी रोजच्या खर्चात आणतो. टर्बोच्या इंजिनात ती बरीच असते, म्हणून तेथे साधारण पाव हिश्शाने वाढ सहज मिळते. टर्बो नसलेल्या साध्या पेट्रोल इंजिनात ती इतकी थोडी असते की खिसा रिकामा करूनही पायाला फारसा फरक जाणवत नाही.

ह्या बाबतीत आपल्याकडचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे फियाटचे 1,248 घनसेंटिमीटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन. ते महाराष्ट्रात रांजणगावला होत असे आणि हरियाणातच मानेसरला मारुतीसाठीही होत असे. इतक्या कंपन्यांच्या इतक्या गाड्यांत ते बसले की त्याला विनोदाने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. स्विफ्टमध्ये हेच इंजिन 75 अश्वशक्ती देई आणि सियाझमध्ये 90. टाटांच्या व्हिस्टात 75, मांझात 90. साहजिकच 75 वाल्याच्या मनात येई, की एकाच आईची लेकरे, मग माझ्याच वाट्याला पंधरा अश्व कमी का? आणि मेकॅनिक सांगे, नुसता मॅप बदलला की झाले. पण 90 वाल्याला टर्बोच वेगळा होता. एक्झॉस्ट वायूच्या प्रवाहाप्रमाणे पात्यांचा कोन बदलणारा. नुसते आकडे चढवून 75 वाल्यातून 90 काढता येत होते, नाही असे नाही. पण ज्या कामासाठी कारखान्याने वेगळा अवयव बसवला ते काम साध्या टर्बोवर लादून. हा फरक पावतीवर कोणी लिहून देत नसे.

पानिपतात बसून हे लिहिताना मराठी माणसाच्या मनात काय येते ते सांगायलाच हवे असे नाही. काम पार फिसकटले की त्याचे 'पानिपत झाले' असे आपण आजही म्हणतो, आणि ज्या मैदानावरून हा शब्दप्रयोग आला ते, काला आंबच्या स्मारकाचे, ह्या गॅरेजापासून फार दूर नाही. 14 जानेवारी 1761 रोजी भाऊसाहेबांच्या फौजेत शौर्य कमी नव्हते आणि तोफखानाही कमी प्रतीचा नव्हता. ऑक्टोबरात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीच्या वाटेवर बसला, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले पडले, आणि उपाशी माणसे व उपाशी घोडी घेऊन लढाईला उभे राहावे लागले. रसद तुटली होती. मोटारीच्या शक्तीचीही अशीच रसद असते, आणि रीमॅपच्या जाहिरातीत तिचा उल्लेख शेवटच्या ओळीत, बारीक अक्षरात येतो.

पहिली रसद इंधनाची. ठिणगी अधिक आधी पाडायची तर पेट्रोल अकाली पेट न घेणारे, म्हणजे वरच्या ऑक्टेनचे, लागते. वरच्या ऑक्टेनसाठी लिहिलेला मॅप घालून घ्यायचा आणि महिनाअखेरीस साधे पेट्रोल भरायचे, हा उद्योग म्हणजे पिस्टनवर हातोडीचे ठोके घालण्यासारखा आहे. संगणक ठोके ओळखून ठिणगी मागे घेतो हे खरे, पण तो काही जादूगार नव्हे. दुसरी रसद थंडाव्याची: टर्बोने दाबलेली हवा तापते, आणि पानिपतच्या उन्हाळ्यात ती मुळातच तापलेली असते. तिसरी, जिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ती इंजिनाच्या पुढच्या अवयवांची. येथे एक आकडा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. पुण्याजवळ चाकणला तयार होणाऱ्या कुशाक, स्लाव्हिया, टायगुन आणि व्हर्टस ह्या गाड्यांतले दीड लिटरचे इंजिन 250 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, देते. आणि त्याला जोडलेल्या सात गिअरांच्या स्वयंचलित गिअरबॉक्सची, कोरड्या क्लचच्या डीक्यू 200 ह्या जातीची, निर्धारित मर्यादाही 250 न्यूटन-मीटरच आहे. म्हणजे कारखान्याने मापट्यात काठोकाठ भरून दिले आहे. त्यात आणखी पन्नास-साठ न्यूटन-मीटर ओतले की ते सांडणार कोठे, हे सांगायला अभियांत्रिकीची पदवी नको. इंजिन हसतखेळत चालेल, क्लच रडेल. आणि वॉरंटीचा तंटा उभा राहतो तो बहुधा ह्याच ठिकाणी, कारण मालक म्हणतो, मी गिअरबॉक्सला हातही लावलेला नाही!

आता त्या तंट्याकडेच वळू.

वॉरंटी हा शब्द आपण गॅरेजात ऐकतो, पण तो मुळात कायद्याचा आहे. 1930 च्या माल-विक्री कायद्याच्या 12 व्या कलमात 'अट' आणि 'हमी' असा भेद केला आहे: अट मोडली तर माल परत करता येतो, हमी ही मुख्य व्यवहाराला जोडून आलेली बाब, ती मोडली तर नुकसानभरपाई मागता येते, पण गाडी विक्रेत्याच्या दारात परत नेऊन उभी करता येत नाही. गाडीबरोबर जी पुस्तिका मिळते तीत कारखानदार स्वखुषीने कबूल करतो, की अमुक मुदतीत, सामानात किंवा बनावटीत कसूर आढळल्यास, भाग दुरुस्त करून किंवा बदलून देऊ. मग येतो अपवादांचा मजकूर. शर्यतीत वापर, हलगर्जी, अपघात, अमान्य सुटे भाग, आणि 'फेरबदल'. माझ्या भाच्याच्या पुस्तिकेत हा मजकूर वचनाच्या मजकुरापेक्षा लांब होता, ज्याचे मला आश्चर्य वाटले नाही. कोणताही करारनामा लिहिणारा माणूस देण्यापेक्षा न देण्याविषयी अधिक शब्द खर्च करतो.

परंतु 'फेरबदल केल्यास वॉरंटी रद्द' ह्या चार शब्दांचा अर्थ किती ताणायचा? इंजिनाचा मॅप बदलला म्हणून खिडकीची काच खाली न उतरल्यास तीही दुरुस्त करून द्यायची नाही काय? ह्या प्रश्नाच्या जवळ जाणारा सर्वांत महत्त्वाचा निवाडा आपल्याकडे 25 ऑगस्ट 2014 चा, भारतीय स्पर्धा आयोगाचा आहे. जानेवारी 2011 मध्ये एका ग्राहकाने फिर्याद केली, की मोटारकंपन्या अस्सल सुटे भाग आणि निदानाची यंत्रे खुल्या बाजारात देत नाहीत, त्यामुळे स्वतंत्र गॅरेजवाले हतबल होतात आणि ग्राहक कंपनीच्याच दारी बांधला जातो. चौकशीची व्याप्ती वाढत गेली आणि अखेरीस आयोगाने 14 मोटारकंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडाची प्रकरणे पुढे अपिलांत रेंगाळली, ती निराळी कथा. आपल्या विषयापुरते महत्त्व आहे ते त्या हुकुमातल्या एका निर्देशाला: ग्राहकाने गाडी बाहेरच्या गॅरेजात नेली एवढ्याच कारणावरून सरसकट हमी रद्द करण्याची अट कंपन्यांनी घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच, आणि परिस्थिती तशी स्पष्ट असेल तरच, हमी नाकारावी. अमेरिकेत 1975 च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने साधारण ह्याच दिशेचे संरक्षण दिलेले आहे.

हे वाचून माझ्या भाच्याची कळी खुलली. मी मात्र त्याला म्हटले, दोन गोष्टी ध्यानात घे. एक, हा निर्देश बाहेरच्या दुरुस्तीविषयी आहे. ब्रेकचे पॅड कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून बदलून घेणे आणि इंजिनाची शक्ती मुद्दाम वाढवून घेणे ह्या दोन कृत्यांत, कायद्याच्या दृष्टीनेही आणि साध्या न्यायबुद्धीनेही, पुष्कळ अंतर आहे; पहिल्यात गाडी पूर्वस्थितीला आणली जाते, दुसऱ्यात ती बदलली जाते. दुसरी गोष्ट अशी, की 'तेवढ्यापुरतीच' हा शब्द मालकाला वाचवतो तो खिडकीच्या काचेपुरता, एअरकंडिशनरपुरता, दिव्यांपुरता. टर्बो, पिस्टन, क्लच, गिअरबॉक्स, सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ह्या महागड्या भागांचा संबंध मॅपशी जोडणे कंपनीच्या इंजिनिअरला जड नाही. आणि हौसेने मॅप बदलणाऱ्याचे मोडते ते नेमके ह्यांपैकीच काहीतरी.

'पता ही नहीं चलेगा' हे वाक्य येथे तपासून पाहिले पाहिजे. गाडीतल्या संगणकात जी आज्ञावली असते तिच्यावरून एक पडताळा-अंक निघतो. आज्ञावलीतला एक आकडा बदलला तरी तो अंक बदलतो, आणि सर्व्हिस सेंटरचे यंत्र तो कारखान्याच्या दप्तराशी ताडून पाहू शकते. अनेक गाड्यांत आजवर किती वेळा लेखन झाले ह्याची मोजणीही राहते, म्हणजे मूळ मजकूर पुन्हा घालून गाडी नेली तरी, दप्तरात दोन वेळा सही आणि हिशेबात चार वेळा, अशी गत होते. ह्यावर तोडगा म्हणून काहीजण 'ट्यूनिंग बॉक्स' बसवतात. ही सेन्सर आणि संगणक ह्यांच्यामध्ये बसणारी डबी, संगणकाला खोटा दाब कळवून त्याच्याकडून जास्त काम करून घेते. सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी ती काढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायची. पण डबी काढली तरी क्लचवरच्या जळक्या खुणा आणि संगणकाने टिपून ठेवलेल्या दोषनोंदी राहतातच. शिवाय, ह्याला आमच्या कोर्टाच्या भाषेत वस्तुस्थिती दडवणे म्हणतात. ज्या हमीवर तुम्ही हक्क सांगणार तिच्याच बाबतीत तुम्ही लबाडी केली, हे एकदा शाबीत झाले की तुमच्या उरलेल्या खऱ्या तक्रारीवरही कोणी विश्वास ठेवीत नाही. चाळीस वर्षांत मी खरी बाजू असलेले कितीतरी पक्षकार एका खोट्या ओळीपायी हरताना पाहिले.

तंटा विकोपाला गेला तर ग्राहकाला वाट नाही असे नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते. मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच ऐकतो, आणि दोष तपासणीवाचून ठरत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठविण्याचा अधिकारही त्याला आहे. पण कल्पना करा, की गाडी तज्ज्ञापुढे उभी आहे, गिअरबॉक्स उघडलेला आहे, आणि संगणकातला मजकूर कारखान्याचा नाही. कसूर मुळातच होती हे आता कोण दाखवणार? कायद्यात पुराव्याचा भार कोणावर हे लिहिलेले असते. व्यवहारात तो ज्याने मूळ स्थिती मोडली त्याच्या खांद्यावर अलगद येऊन बसतो.

कंपनीशी असलेला करार हा एक भाग. सरकारशी असलेला व्यवहार दुसरा, आणि तो बहुतेकांच्या गावीही नसतो. मोटारवाहन कायदा, 1988, ह्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे, नोंदणीच्या दाखल्यातला तपशील कारखानदाराने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, केरळ उच्च न्यायालयाचा सौम्य अर्थ बाजूला सारून, हे कलम कडकपणे वाचले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने 182-अ हे नवे कलम आले, ज्याखाली नियमबाह्य फेरबदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरबदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. आता, नुसता मॅप बदलणे हा 'फेरबदल' होतो काय? कायद्यातली व्याख्या वाहनाच्या रचनेतल्या, मूलभूत वैशिष्ट्य बदलणाऱ्या बदलाविषयी बोलते, आणि एखादा हुशार वकील म्हणेल, की संगणकातले चार आकडे म्हणजे रचना नव्हे. मीही कदाचित तसे म्हटले असते, फी मिळाली असती तर. परंतु नोंदणीच्या दाखल्यावर अश्वशक्तीचा आकडाही असतो, आणि तो आकडा आता खोटा ठरलेला असतो, ही गोष्ट त्या वकिलालाही गिळता येणार नाही. सायलेन्सर बदलून कानठळ्या बसवणाऱ्यांविषयी, किंवा डिझेल गाडीतली काजळी अडवणारी डीपीएफ गाळणी काढून टाकणाऱ्यांविषयी, तर वादालाच जागा नाही. ध्वनी आणि धूर ह्यांच्या मर्यादा ओलांडणाऱ्यांसाठी 190 वे कलम वेगळे आहेच. पानिपत जिल्हा राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. तेथे हिवाळ्यात सकाळी दार उघडले की नाकातोंडात जे जाते ते एकदा अनुभवले, की गाळणी काढण्याला 'हौस' हा शब्द वापरायची लाज वाटते.

ह्या मुलखाला फेरबदलाची परंपरा जुनी आहे, हेही नमूद केले पाहिजे. सिरसा जिल्ह्यातले मंडी डबवाली गाव उघड्या, मनाजोगत्या घडवून घेतलेल्या जीपांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे, आणि स्वतः पानिपत हे जगभरच्या टाकून दिलेल्या लोकरी कपड्यांचे धागे पुन्हा काढून त्यांची ब्लँकेटे विणणारे शहर आहे. वस्तू बदलून वापरण्यात येथे कोणाला पाप वाटत नाही. आपल्याकडे तरी काय? आकुर्डीच्या मॅटॅडोरचे डिझेल इंजिन अ‍ॅम्बॅसिडरमध्ये चढवून वर्षानुवर्षे भाड्याने गाडी हाकणारे आमच्या तालुक्यातही होते. पण त्या गाड्यांची हमीची मुदत केव्हाच संपलेली असे, आणि इंजिन बदलल्याची नोंद आरसी बुकात करून घेण्याइतके शहाणपण त्या माणसांत असे.

आणि कारखानदार तरी सोवळे आहेत काय? सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेत उघडकीला आले, की फोक्सवॅगनने आपल्या डिझेल गाड्यांच्या संगणकात अशी आज्ञावली घातली होती, की चाचणीच्या वेळी गाडी साळसूद वागावी आणि रस्त्यावर मोकाट. आपल्याकडे पुण्याच्या वेताळ टेकडीवरील एआरएआय संस्थेने तपासणी केली, त्या डिसेंबरात कंपनीने 3,23,700 गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर केले, आणि मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने 500 कोटींचा दंड केला, ज्याच्या सक्तीच्या वसुलीला सर्वोच्च न्यायालयाने नंतर स्थगिती दिली. गॅरेजातल्या पोराने चार आकडे बदलले तर तो नियमबाह्य फेरबदल, आणि कारखान्याने लाखो गाड्यांत तसे केले तर 'तांत्रिक प्रश्न', हा भाच्याचा टोमणा मला खोडता आला नाही. एवढेच म्हटले, की त्यांच्याकडे वकिलांची पलटण आहे, तुझ्याकडे मी एकटा.

भाच्याचा दुसरा मुद्दा त्याच्या नोकरीतून आला होता. त्याच्या कारखान्यालगतच 10 ऑगस्ट 2022 रोजी भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला सुमारे दोन लाख टन पेंढा घेऊन तीन कोटी लिटर इथेनॉल द्यावे अशी त्याची योजना. आता पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल सर्रास मिळते, आणि ज्या जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत 10 टक्क्यांपर्यंतचाच उल्लेख होता त्यांच्या मालकांमध्ये 2025 च्या पावसाळ्यात वॉरंटीच्याच नावाने मोठी धास्ती पसरली होती. तो म्हणाला, "मामा, इथे तर पंपानेच फेरबदल केला." बरोबर आहे. तेथे मालकाने काही केले नाही, त्याच्यापुढे पर्यायच नव्हता, आणि म्हणून त्याची बाजू बळकट आहे. रीमॅपच्या बाबतीत हीच बाजू उलटी होते, कारण तेथे मालक स्वतःच्या पायाने गॅरेजात गेलेला असतो.

विम्याची गोष्ट थोडक्यात. विम्याचा करार संपूर्ण खरे सांगण्यावर उभा असतो. सीएनजी किट बसवून घेतले तर ते आरसीवर चढवून विमाकंपनीला कळवतात, किंचित जादा हप्ता भरतात, आणि प्रश्न मिटतो. वाढवलेली अश्वशक्ती कोणी कळवीत नाही. मग अपघातानंतर सर्व्हेअरच्या ध्यानात ती आली, तर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आणि हा आकडा गिअरबॉक्सच्या बिलापेक्षा मोठा असू शकतो.

माझे मत कोणी विचारले तर ते असे आहे. रीमॅप करणारे सगळे भोंदू नाहीत. डायनोवर, म्हणजे शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, गाडी आधी आणि नंतर चढवून, दोन्ही वेळचे आकडे छापून देणारे, गिअरबॉक्सची मर्यादा सांभाळून हात आखडता घेणारे जाणकार ह्या धंद्यात आहेत, आणि त्यांनी हात लावलेल्या गाड्या वर्षानुवर्षे बिनतक्रार चालतात. परंतु हमीच्या मुदतीत हे काम करणे म्हणजे आगाऊ भरलेल्या पैशांची पावती स्वतःच्या हाताने फाडणे आहे, कारण गाडीच्या किमतीत त्या हमीचे पैसे तुम्ही मोजलेलेच आहेत. मुदत संपल्यावर हौस भागवायची असेल तर मूळ आज्ञावलीची प्रत मागून घ्या, काय बदलले ते सहीशिक्क्यानिशी पावतीवर लिहून घ्या, विमाकंपनीला लेखी कळवा, आणि धुराची गाळणी व सायलेन्सर ह्यांना हात लावू देऊ नका. जो गॅरेजवाला लिहून द्यायला तयार नाही त्याच्या दारातून तसेच मागे फिरा. आणि हमीच्या मुदतीत कोणी मॅप बदलून घेतलाच असेल, तर निदान बिघाडाच्या दिवशी खोटे बोलू नये. जो भाग मॅपच्या वाटेवर नाही त्याची दुरुस्ती हक्काने मागावी, आणि नकार मिळाल्यास तो लेखी, कारणासहित मागावा. तोंडी नकाराला आयोगापुढे कवडीची किंमत नसते.

भाच्याची गाडी अजून कारखान्याच्याच आकड्यांवर चालते आहे. तिची हमी संपायला दोन वर्षे आहेत, आणि तोवर त्याची हौस टिकते की लग्नानंतर मावळते ते पाहू. वाचकांना एवढीच विनंती, की डॅशबोर्डच्या खणात, पीयूसीच्या जुन्या पावत्यांखाली, तुमच्या गाडीची वॉरंटीची पुस्तिका पडलेली असेल; ती आज काढा, आणि 'ह्या हमीत काय येत नाही' असा मथळा असलेली पाने गाडी बंद असताना, चष्मा लावून, एकदा शेवटपर्यंत वाचा.